कोजागिरीचं दूध कोणी आटवायचं?

मैत्रिणींनो, तीन वर्षांपूर्वीच्या कोजागिरीची गोष्ट सांगते. तुमच्याकडेही थोड्याफार फरकानं अशीच घडलेली असेल.

आमच्या सोसायटीत बारा बिऱ्हाडं. आम्ही तळमजल्यावर राहतो. वर तीन मजले, त्यावर गच्ची, आणि लिफ्ट नाही. दरवर्षी कोजागिरी गच्चीवर व्हायची. कोणाकडे भेळ, कोणाकडे बटाटेवडे, आणि दूध माझ्याकडे. ते माझ्याकडे कसं आलं, हे आता आठवतही नाही. पहिल्या वर्षी हौसेनं ‘मी करते’ म्हटलं असेन, पुढं ते कायमचं गळ्यात पडलं. चार लिटर दूध मंद आचेवर आटवायचं म्हणजे दीड तास तरी पातेल्यापाशी उभं राहायला हवं. नऊ वाजता सगळी मंडळी वर गेली. मुलं गेली, हे गेले, सासूबाईसुद्धा कठड्याला धरून सावकाश गेल्या. मी खाली. एक हात डावावर, एक कान वरच्या अंताक्षरीकडे.

साडेदहाला केशर, जायफळ, चारोळी घातली. शेजारच्या मुलाला हाताशी घेतलं आणि पातेलं सांभाळत जिने चढले. वर पोचताच एकच ओरडा झाला, “आलं, दूध आलं!” बघा हं, दूध आलं. मी आले असं कोणीच म्हटलं नाही. चंद्र नेमका तेव्हाच ढगाआड गेला होता. वाट्या भरून देईपर्यंत अकरा वाजले. लोकांना उद्याच्या डब्यांची आठवण झाली आणि गच्ची रिकामी व्हायला लागली.

कोजागिरीच्या रात्री लक्ष्मी ‘को जागर्ति?’ म्हणजे ‘कोण जागं आहे?’ असं विचारत फिरते म्हणतात. त्या रात्री तिनं आमच्या घरात डोकावलं असतं, तर मी एकटीच जागी सापडले असते, खरकट्या वाट्या घासताना.

मी घुश्शात आहे हे ह्यांच्या लक्षात आलं. हे म्हणाले, “अगं, मग यायचंस की वर! तुला कोणी अडवलं होतं?”

खरंच, कोणी अडवलं नव्हतं. दुधानं अडवलं होतं. पण हे बोलून दाखवलं असतं तर त्यांना हसूच आलं असतं, म्हणून मी गप्प बसले. मनात मात्र तो प्रश्न राहिला. ज्याच्यावर जबाबदारी आहे त्यानं मौजेकडे पाठ फिरवायची, आणि ज्याला मौज करायची आहे त्यानं जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, असाच हा व्यवहार आहे का? की दोन्ही एका हाताला लागू शकतात?

आधी काम, मग मौज

आपल्याला लहानपणापासून एकच शिकवण मिळालेली असते : आधी काम, मग खेळ. शिकवण वाईट नाही. मीही माझ्या मुलांना तेच सांगते. पण मुलांचा अभ्यास कधीतरी संपतो, वही मिटते आणि ती खेळायला पळतात. आपलं काम संपतं कधी? सकाळचा ओटा आवरला की दुपारचा चहा, चहा झाला की संध्याकाळची भाजी. ‘मग’ची वाट बघता बघता वर्षं जातात. मुलं शाळेत जायला लागली की गाणं शिकेन, त्यांची दहावी झाली की प्रवास करेन, लग्नं झाली की निवांत वाचत बसेन. आनंद असा पुढच्या पुढच्या तारखेवर ढकलला जातो.

आणि समजा, ती तारीख खरंच आली तर?

आमच्या वरच्या मजल्यावर एक काकू राहतात. दोन्ही मुलं परदेशी, स्वयंपाकाला बाई, काका निवृत्त. मला त्यांचा फार हेवा वाटायचा. कधीही उठा, कधीही झोपा, टीव्ही लावा, पुस्तक उघडा. एका उन्हाळ्यात मी उडदाचे पापड करायला काढले होते. काकू खाली आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मला चार लाट्या दे गं. दिवसभर माझी कोणाला गरजच लागत नाही.” मी चमकले. ज्या रिकामपणाची मी स्वप्नं बघत होते, त्यात ही बाई गुदमरत होती!

त्याच काकू आता आमच्या वॉचमनच्या दोन मुलांना रोज संध्याकाळी पाढे नि शुद्धलेखन शिकवतात. परवा भिशीतल्या बायकांनी सहल ठरवली, तर काकू सरळ म्हणाल्या, “त्या आठवड्यात मला जमायचं नाही, मुलांची परीक्षा आहे.” बोलताना तक्रारीचा सूर होता, पण तोंडावरचा आनंद लपत नव्हता. सहा वाजता आपली वाट बघणारं कोणीतरी आहे, हा तो आनंद. नुसत्या मौजेनं पोट भरत नाही, हे मला काकूंकडे बघून कळलं. लोणचं चवीला हवंच, पण लोणच्याचं जेवण होत नाही.

पापड एकटीनं लाटून बघा

आता दुसरी बाजू बघू या. कामातच आनंद मानावा, असं आपल्याला नेहमी सांगितलं जातं. सांगणारा बहुधा ते काम करणारा नसतो! तरीही त्या म्हणण्यात काही तथ्य आहे का, हे पाहायला हवं.

पापडांचंच घ्या. दोन किलो डाळीचे पापड एकटीनं लाटायला बसा. तासाभरात मनगटं भरून येतात, पाठ मोडते, नि प्रत्येक लाटी वैरीण वाटते. तेच पापड चौघीजणी मिळून लाटा. पीठ तेच, उन्हाळा तोच, पण गप्पांच्या नादात दुपार कशी सरते कळत नाही. जाताना प्रत्येकीच्या डब्यात चार चार कच्च्या लाट्या तेल लावून जातात, आणि उद्या कोणाकडे बसायचं तेही ठरतं. काम काही कमी झालेलं नसतं. फक्त ते एकटीचं राहिलेलं नसतं.

१९५९ साली मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका अशाच पापड लाटायला बसल्या. जवळ भांडवल ऐंशी रुपयांचं, तेही उसनं. पहिल्या दिवशी चार पुडे पापड झाले. त्यातूनच पुढं ‘लिज्जत’चा पसारा उभा राहिला, हे आपण सगळ्या जाणतो. पापड लाटणं ही काही मोठ्या हौसेची गोष्ट नव्हे. पण तिथं लाटणारी प्रत्येक बहीण त्या संस्थेची मालकीण मानली जाते. आपल्या कामाचा हिशेब आपल्याला दिसणं, त्यात आपला शब्द असणं, ह्यानं त्याच पोळपाट-लाटण्याची किंमत आपल्याच नजरेत बदलते.

आणखी मागे जाऊ. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसत. समोरासमोर दोघी, खुंट्यावर दोघींचे हात, आणि तोंडानं ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ ह्या पुण्यातल्या अभ्यासक दांपत्यानं गावोगावच्या बायकांकडून अशा ओव्या गोळा करवल्या. त्यांचा आकडा एक लाखाच्या वर गेला! एक लाख ओव्या. आणि त्या रचणाऱ्या बहुतेकींना अक्षरओळखही नव्हती.

हे ऐकलं की कोणीतरी लगेच म्हणतं, “बघा, पूर्वीच्या बायका कष्टातही कशा आनंदी असायच्या!” मला हे पटत नाही. दळण सुखाचं होतं म्हणून ओवी आली नाही. दळण जड होतं, म्हणून ओवी लागली. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा जात्यासाठी रडत कोण बसलं असेल? बायकांनी दळणाचे डबे उचलले आणि गिरणीची वाट धरली. शहाणपणाचंच केलं.

पण जातं गेलं, त्याबरोबर समोर बसणारी दुसरीही गेली. पहाटेच्या त्या वेळी घरात कोणाचं लक्ष नसे. सासरचं गाऱ्हाणं, माहेरची आठवण, भावाचं कौतुक, सगळं तिथं मोकळं व्हायचं. आनंद दगड फिरवण्यात नव्हता. तो समोरच्या सोबतीत होता आणि आपल्या शब्दांत होता. आज आपल्याकडे मिक्सर आहे, गॅस आहे, कपडे धुण्याचं यंत्र आहे. मनगटाचे कष्ट कमी झाले. पण स्वयंपाकघरात आपण बहुतेक वेळा एकट्याच असतो.

पाच तासांचा हिशेब

एकटीचं हे मी नुसतं मनानं म्हणत नाही. २०१९ साली सरकारनं देशभर एक पाहणी केली. सहा वर्षांवरच्या माणसांचा दिवसाचा वेळ कशात जातो, ह्याची ती पाहणी होती. घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, म्हणजे जवळजवळ पाच तास. असं काम करणाऱ्या पुरुषांची मिनिटं होती ९७. आणि हे फक्त काम करणाऱ्या पुरुषांचं बरं का! शंभरातल्या साधारण सव्वीसच पुरुषांनी त्या दिवशी घरकामाला हात लावला होता. बायका मात्र शंभरात एक्क्याऐंशी.

हे आकडे मी ह्यांना वाचून दाखवले. हे जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “मी त्या सव्विसांत आहे ना?” मी म्हटलं, “कोजागिरीला नव्हता.”

तेव्हा मैत्रिणींनो, ‘कामात आनंद माना’ हा उपदेश पाच तासवाल्या बाईला करण्याआधी दीड तासवाल्या पुरुषानं थोडा विचार करावा. आनंद ही मनाची गोष्ट आहे हे खरं, पण मन थकलेल्या अंगातच राहतं.

सासूबाईंचं दुखणं

हे सगळं मला कोजागिरीच्या दुधापेक्षा फार मोठ्या प्रसंगात शिकावं लागलं. सांगायला थोडा संकोच वाटतो, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

त्याच हिवाळ्यात सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं, आणि पुढचे सात-आठ महिने अंथरूण, मग वॉकर. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. सकाळची शाळा करून बाराला घरी यायची, आणि त्यानंतर सगळं त्यांचंच. जेवण, औषधं, अंग पुसणं, कूस बदलणं. रात्री दोनदा-तीनदा बेडपॅन. ‘सेवेत आनंद असतो’ हे वाक्य मी स्वतः वर्गात मुलांना निबंधासाठी दिलेलं आहे. मी वाट बघत होते, तो आनंद कधी येतो.

तो आला नाही. एका रात्री तिसऱ्यांदा हाक आली, तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले. काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्या काही बोलल्या नाहीत. पहाटेपर्यंत त्यांनी परत हाक मारली नाही, आणि सकाळी बघते तो अंथरूण ओलं. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “तुझी झोप मोडायला नको म्हटलं.”

त्या सकाळी मी शाळेत गेले नाही. चादर धुताना रडले आणि मग ह्यांच्यासमोर जाऊन बसले. भांडले नाही. एवढंच म्हटलं, “माझ्यानं एकटीनं होत नाही. मी वाईट वागायला लागले आहे.” हे गडबडले. म्हणाले, “मी करतो गं, पण आईला माझ्याकडून संकोच वाटेल.” पलीकडच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, “अरे, तुझे लंगोट मी बदललेत! आता तू माझं भांडं उचललंस तर काय बिघडलं?”

त्या दिवसापासून एक आड एक रात्र ह्यांची. सकाळचं अंग पुसायला एक बाई ठेवल्या. पैसे लागले, दुसरीकडची काटकसर करावी लागली. पण चार रात्री पुरती झोप मिळाल्यावर एक गंमत झाली. दुपारची ती खोली मला नकोशी वाटेनाशी झाली. धाकटा शाळेतून आला की आम्ही तिघं पलंगावरच ‘बदाम सात’चा डाव मांडायला लागलो. सासूबाई एक नंबरच्या लबाड! इस्पिकची सत्ती हातात धरून बसायच्या, नि आमची पानं अडली की खुदकन हसायच्या. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण त्या खोडकर आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. आम्हां दोघींना तोवर एकत्र बसायला वेळ कुठं होता!

बेडपॅन उचलण्यात मला शेवटपर्यंत आनंद वाटला नाही. तो वाटायलाच हवा, हा हट्ट मी सोडून दिला. काही कामं करायची असतात म्हणून करायची. ती वाटून घ्यायची आणि हात धुऊन मोकळं व्हायचं. पण ती वाटली गेली म्हणून पत्त्यांच्या डावाला जागा झाली. सगळी जबाबदारी एकटीवर असती, तर सासूबाई मला दुखणं म्हणूनच आठवत राहिल्या असत्या.

शाळा कुरणात गेली

त्याच दिवसांत शाळेच्या कपाटात मला अनुताई वाघांचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मचरित्र मिळालं. सासूबाईंच्या उशाशी बसून मी ते वाचलं, काही पानं त्यांनाही वाचून दाखवली.

अनुताईंचा जन्म १९१० सालचा. लहानपणी लग्न झालं आणि लगेचच वैधव्य आलं. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला काय यायचं, ते वेगळं सांगायला नको. पण त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि १९४५ साली ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला बालशिक्षणाचं काम करायला गेल्या. पुढं हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तेव्हाचा तो ठाणे जिल्हा, आता पालघर. आजूबाजूला वारल्यांचे पाडे.

तिथं अडचण अशी, की मुलं शाळेत येईनात. येणार कशी? कोणी गुरं राखायचं, कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घ्यायचं, कोणी सरपण गोळा करायचं. हे त्या मुलांचे चाळे नव्हते. त्यांच्या कामावर घर चालत होतं. आता कोणी म्हणालं असतं, गुरं सोडा नि शाळेत या. कोणी म्हणालं असतं, ह्यांच्या नशिबी गुरंच, शाळा कुठली! ताराबाई-अनुताईंनी तिसराच मार्ग काढला. लहानग्यांसाठी शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. आणि गुराख्यांसाठी शाळा गुरांच्या मागे कुरणात नेली, ती कुरणशाळा. गुरं चरताहेत, मुलांचं त्यांच्याकडे लक्ष आहे, आणि तिथंच गाणी, गोष्टी, खेळ, अक्षरं चालली आहेत.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून तशीच बसले. आपण नेहमी विचार करतो, ह्या जबाबदारीतून सुटून मौजेपर्यंत कशी पोचू? ह्या दोघींनी उलटा विचार केला. मूल जिथं कामाला बांधलेलं आहे, तिथं खेळ घेऊन गेल्या. मुलांच्या कामाला त्यांनी नावं ठेवली नाहीत, आणि ‘गुरं राखणं हाच तुमचा आनंद’ असंही सांगितलं नाही. अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. पण मला त्या आठवतात, त्या गुरांमागे शाळा नेणाऱ्या बाई म्हणून.

अंगणातली कोजागिरी

आश्विन आला. सासूबाई वॉकरवर दारापर्यंत येत होत्या, पण जिना चढणं शक्य नव्हतं. सोसायटीत कोजागिरीची बोलणी सुरू झाली. हे म्हणाले, “तुम्ही सगळे वर जा, मी आईजवळ थांबतो.” मी तयारी दाखवली, काकूंनी दाखवली. शेवटी असंच दिसायला लागलं, की कोणीतरी एकानं चंद्र सोडायचा आणि बाकीच्यांनी बघायचा.

मला कुरणशाळा आठवली. मी बैठकीत म्हटलं, “ह्या वर्षी गच्ची नको. खाली अंगणातच करू या. स्कूटर एका रात्रीपुरत्या बाहेर लावा.” थोडी कुरकुर झाली. समोरच्या इमारतीमुळं चंद्र उशिरा दिसेल, असं एकजण म्हणाले. काकू म्हणाल्या, “दिसू दे उशिरा. जागायचंच आहे ना?”

मग मी दुसरी गोष्ट काढली. “आणि दूध अंगणातच आटवायचं. पाळीपाळीनं.”

गॅसची शेगडी बाहेर आली. वारा लागू नये म्हणून भिंतीच्या कोपऱ्यात मांडली. दर दहा मिनिटांनी डाव एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात. पहिली पाळी ह्यांची होती. “सारखं ढवळावं लागतं होय!” असं त्यांनी तोंडातल्या तोंडात म्हटलं ते मी ऐकलं, पण काही बोलले नाही. समोरच्या कर्नलकाकांनी तर घड्याळ लावून पाळी केली. मुलांना कडेची साय खरवडण्यातच जास्त रस होता. सासूबाई खुर्चीत बसून सगळ्यांना सूचना देत होत्या, “अरे, तळाला लावू नकोस!”

दहाच्या सुमाराला समोरच्या गच्चीवरून चंद्र वर आला. कोजागिरीला थोरल्या अपत्याला ओवाळायची आमच्याकडे रीत आहे. मी आमच्या थोरलीला ओवाळलं. मग सासूबाई म्हणाल्या, “तबक इकडे आण.” आणि बसल्या जागेवरून त्यांनी आपल्या बेचाळीस वर्षांच्या थोरल्या लेकाला ओवाळलं. हे खाली वाकून उभे होते. त्यांचे डोळे मला दिसले नाहीत, आणि मी बघायचा प्रयत्नही केला नाही.

खरं सांगू? त्या वर्षी दूध जरा कमीच आटलं. इतक्या हातांनी ढवळलेलं, थोडं खालीही लागलं. पण वाट्या भरल्या तेव्हा ‘दूध आलं’ असं कोणी ओरडलं नाही. दूध आणि मी, दोघीही तिथंच होतो.

तुम्हीही करून बघा

आता तुम्ही म्हणाल, एका रात्रीच्या गोष्टीवरून एवढं तत्त्वज्ञान कशाला? पण मला ह्यातून चार साध्या गोष्टी सुचल्या. पटतात का बघा.

पहिली, आपल्या कामांची एकदा यादी करा. त्यात तीन खुणा करा : हे मला मनापासून आवडतं, हे सोबत असेल तर आवडेल, आणि हे कधीच आवडणार नाही. तिसऱ्या खुणेची कामं घरात पाळीनं वाटा. त्यात आनंद मानायची सक्ती स्वतःवर करू नका.

दुसरी, सोबतीची कामं सोबतीनंच करा. मटार सोलणं, मेथी निवडणं, कपड्यांच्या घड्या ही कामं स्वयंपाकघरातून बाहेर आणा, जिथं घरची माणसं बसलेली असतात तिथं. हात रिकामे असलेला माणूस शेंग उचलतोच. मात्र दाणे थोडे कमी भरतील, ते सोसा.

तिसरी, जी जबाबदारी आपण घेतो तिला शेवट असू द्या. ‘मी करते’ म्हणताना ‘ह्या वर्षी’ हा शब्द जोडायला विसरू नका. माझं दूध त्या एका शब्दापायी आठ वर्षं गळ्यात राहिलं.

चौथी, सगळ्या जबाबदाऱ्या टाकून देऊ नका. एखादी तरी अशी ठेवा, की जी आपण नसलो तर कोणाचं तरी अडेल. काकूंची दोन मुलं सहा वाजता पाटी घेऊन जिन्यात बसतात, तशी.

आणि हो, ज्यांना यंदा दूध आटवायचं आहे त्यांच्यासाठी : पातेल्यात आधी वाटीभर पाणी घालून तळ ओला करावा, मग दूध ओतावं, म्हणजे ते चटकन खाली लागत नाही. चार लिटरचं तीन लिटर झालं, की अर्ध्या कपाच्या मापानं चोवीस माणसांना पुरतं. आच मंद ठेवावी. आणि ढवळायला किमान सहाजण लागतात, हे आता आमच्याकडचं ठरलेलं प्रमाण आहे.

सासूबाई आता काठी घेऊन हिंडतात. हळूहळू एखादा मजलाही चढतात. परवा मी सहज म्हटलं, “आई, ह्या वर्षी कोजागिरी परत गच्चीवर करू या का?” त्या म्हणाल्या, “कशाला? खालीच बरी. तिथं मला ढवळायलाही मिळेल.”